इकॉनॉमायझरवर गेलेले ७,२२,१६० रुपये

वाळवा तालुक्यातल्या आमच्या छोट्या डेअरीला 'ब्रिकेटमध्ये (बॉयलरचं दाबून केलेलं जळण) २२ टक्के बचत' सांगून एका विक्रेत्याने इकॉनॉमायझर, म्हणजे धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी आधीच तापवणारा संच, गळ्यात मारला. किंमत ६,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ८,०२,४००. ॲडव्हान्स ४,८१,४४०, माल उतरल्यावर २,४०,७२०.

खोट त्याच्या कोटेशनमध्येच छापलेली होती, हेच जास्त झोंबतं. 'फीडवॉटर ३० वरून १०० अंश', म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी तेवढं तापणार. पाणी ६ अंशांनी चढलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, हे फायरमनलाही ठाऊक असतं. ७० अंशांचे १२ टक्केसुद्धा होत नाहीत, मग २२ कुठून आले? पुढचं गणितही पाच मिनिटांचं. तासाला २०० किलो ब्रिकेट, किलोमागे सुमारे ८ किलो धूर, म्हणजे धूर १ अंश थंड झाला की ४०० किलोकॅलरी. तासाच्या ९०० लिटर पाण्याला ७० अंश द्यायचे तर ६३,००० किलोकॅलरी लागतात. म्हणजे २२० अंशांचा धूर ६३ अंशांपर्यंत उतरवायचा! तिथे ट्यूबला पाणी सुटतं, राख चिकटते, पत्रा कुजतो. धूर १५० वर ठेवला तर पाणी ३१ अंश चढतं, बचत ५ टक्के. एवढंच खरं.

आम्ही काही डोळे झाकून सही केली नव्हती. त्याने दुसऱ्या डेअरीचं लॉगबुक दाखवलं, रोजचे ब्रिकेट खरंच कमी. फक्त आधीचे आकडे जानेवारीचे, नंतरचे मेचे. मेमध्ये दूधच कमी येतं! हजार लिटर दुधामागे किती किलो, एवढंच विचारा.

कागदावर सीमलेस ट्यूब होत्या, आल्या शिवण असलेल्या. टोकातून बोट फिरवलं असतं तर शिवण लागली असती. ट्यूबवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवल्याशिवाय गाडी रिकामी करू देऊ नका. फीड पंप बंद-चालू होणारा, तो थांबला की आतलं पाणी उकळायचं, पंप लागला की दणके. अकराव्या दिवशी शिवण उलली, राखेचा चिखल धूर ओढणाऱ्या आयडी फॅनमध्ये.

पोलीस म्हणाले, 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' बॉयलरच्या कार्यालयात तक्रार नेली तर आम्हालाच विचारणा, पंप आणि बॉयलरच्या मध्ये दाबाखालची वस्तू आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) मंजुरीशिवाय बसवलीच कशी? चोर सुटला, घरमालकाला नोटीस. जीएसटीवाल्यांचं म्हणणं, बिल पोर्टलवरच्या २बी विवरणात दिसत नाही, दिलेल्या कराचं क्रेडिट मिळणार नाही. त्याने कर आमच्याकडून घेतला, भरला नाही, आणि चकरा आम्ही मारतोय. तीन टेबलं, तिन्हीकडे 'अर्ज द्या'. एकानेही त्याला फोन केला नाही.

आणि हो, पाश्चरायझरचं ८५ अंशांचं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) इतके दिवस गटारात जात होतं. ते फीड टाकीत वळवायला पाइप, वाफ अडवून पाणी सोडणारा ट्रॅप आणि इन्सुलेशन पुरतं. आधी ते करा.

उरलेले ८०,२४० आम्ही अडवून ठेवलेत. त्यासाठी परवा त्याच्या वकिलाची नोटीस आली, व्याजासकट.