अटल ब्रिज, बडोदे: वरून जाणाऱ्यांसाठी उत्तम, खालून चालणाऱ्यांसाठी अर्धवट

गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत (चोकडी म्हणजे चौक) जुन्या पादरा रोडच्या डोक्यावरून जाणारा अटल ब्रिज २५ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि त्याच आठवड्यापासून मी त्याचा जवळजवळ रोज वापर करते. माझे घर अक्षर चौकाजवळ आहे, नोकरी गोरव्याला आहे, आणि आई माझ्या भावाकडे जुन्या पादरा रोडला लागून असलेल्या एका सोसायटीत राहते. त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस मी पुलावरून जाते आणि त्यांतल्या दोन-तीन संध्याकाळी पुलाखालच्या रस्त्याने आईकडे जाते. पुलावरून नुसते निघून जाणाऱ्या माणसाचे मत आणि पुलाखाली दुकान किंवा घर असलेल्या माणसाचे मत यांत फार अंतर पडते, हे मला घरातच ऐकायला मिळते. म्हणून दोन्ही बाजू एकाच ठिकाणी लिहून काढत आहे.

आधी पुलावरचा अनुभव. संध्याकाळी सात वाजता गेंडा सर्कलवरून निघून मनीषा चोकडीला पोहोचायला पूर्वी मला वीस मिनिटे लागत, आणि लग्नसराईत किंवा नवरात्रीत अर्धा तास कधी होऊन जाई ते कळत नसे. साडेतीन किलोमीटरचे हे अंतर ताशी चाळीसच्या बेताच्या वेगाने पुलावरून कापले तर सव्वापाच मिनिटे लागतात. पण रोज ये-जा करणाऱ्याला वाचलेल्या मिनिटांपेक्षा वेळेच्या खात्रीचे मोल अधिक असते. पूर्वी साडेनऊला कामावर पोहोचायचे तर घरातून पावणेनऊलाच निघावे लागे, कारण कोणता सिग्नल किती वेळ अडवील याचा नेम नव्हता. आता सव्वानऊला निघाले तरी जिवाला घोर नसतो. दिवसाकाठी हातात आलेल्या त्या अर्ध्या तासाबद्दल मी या पुलाची मनापासून ऋणी आहे. पुढे जे उणे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये.

इथे उड्डाणपूलच का बांधावा लागला, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. गर्दी झाली की शहराबाहेरून बाह्यवळण रस्ता काढावा, अशी आपली साधारण समजूत असते. पण बडोद्याला असा रस्ता पूर्वीपासून आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची अवजड वाहने कपुराई, गोल्डन चोकडी अशी शहराच्या पूर्वेकडून परस्पर निघून जातात, आणि अहमदाबादकडचा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्गही शहराबाहेरच येऊन मिळतो. जुन्या पादरा रोडवरची गर्दी ही बाहेरच्यांची नव्हतीच, ती आपलीच होती: दवाखान्यात निघालेली, शिकवणीला निघालेली, बँकेत आणि किराणा आणायला निघालेली, मुलांच्या शाळेच्या व्हॅनमधली. तिच्यात भर पडत होती ती अटलादरा, कलाली आणि तांदळजाच्या बाजूला वाढलेल्या नव्या वस्तीतून अलकापुरी, सुभानपुरा आणि गोरव्याकडे रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांची. या दुसऱ्या गटाला मधल्या एकाही चौकात काम नसते. त्याला फक्त पलीकडे जायचे असते. त्याला उचलून वर नेले तर खालचा रस्ता पहिल्या गटाला मोकळा मिळेल, हा पुलामागचा विचार. विचार योग्य होता, असे मी आजही म्हणेन.

तो कसा फळाला येतो हे चौकातल्या सिग्नलवरून समजते. चार रस्ते मिळतात त्या चौकात चार दिशांना आळीपाळीने हिरवा दिवा द्यावा लागतो. दोन मिनिटांचे एक चक्र धरले तर एका दिशेच्या वाट्याला अर्धा मिनिटसुद्धा पुरता येत नाही, कारण पिवळ्या दिव्याचे आणि चौक रिकामा होण्याचे काही सेकंद त्यातून वजा होतात. चक्र लांबवले की रांग लांबते, रांग लांबली की तिचे शेपूट मागच्या चौकात शिरते, आणि मग मागच्या चौकात दिवा हिरवा असूनही कोणाला हलता येत नाही. चकली सर्कल ते मल्हार पॉइंट या पट्ट्यात मी हे कित्येक वर्षे सोसले आहे. सरळ जाणारी वाहने वरून गेली की खालच्या चौकात मुख्यतः वळणाऱ्यांची आणि आडव्या रस्त्यावरची वाहने उरतात, आणि तिथले चक्र पुष्कळ आखूड करता येते. मात्र ते आपोआप आखूड होत नाही. कोणीतरी पुन्हा वाहने मोजून सिग्नलच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते काम परत करावे लागते. पुलावर खर्च केलेल्या पैशाचे निम्मे फळ या साध्या, स्वस्त कामावर अवलंबून आहे.

आता खालचा रस्ता. गेल्या वर्षी आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा न्यायचे होते. सोसायटीच्या फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत अंतर नव्वद-शंभर पावलांचे. पदपथावर स्कूटर उभ्या असल्यामुळे आम्ही रस्त्याच्या कडेने चालत पुलाच्या खांबापर्यंत येत असू. तिथे दुभाजकाला जी फट ठेवली आहे तिच्यात उभे राहिले की खांबाची रुंदी येणारी वाहने झाकून टाकते. वाहन दिसावे म्हणून एक पाऊल पुढे टाकावे लागते, आणि ते पाऊल सरळ रस्त्यावर पडते. आई माझा दंड घट्ट धरून तिथे थांबायची आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची: "अगं, खांबामुळे गाडी दिसत नाही, आणि दिसली तर ती थांबत नाही, मग मी जायचं तरी कधी?" एकदा भर दुपारी आम्ही त्या फटीत चार मिनिटे उभ्या होतो. शेवटी एका भाजीवाल्या भाऊंनी आपली हातगाडी आडवी घालून आम्हाला पलीकडे नेले. माझ्या कामाच्या वाटेवर पुलाने पंधरा मिनिटे वाचवली, आणि आईच्या शंभर पावलांच्या वाटेवर ओलांडायला नवी अडचण उभी केली.

ही अडचण मुळीच अटळ नव्हती. खांबाच्या आधी दहा-बारा मीटरवर, म्हणजे वाहनचालकाला पादचारी आणि पादचाऱ्याला वाहन स्पष्ट दिसेल अशा जागी, किंचित उंच उचललेला झेब्रा पट्टा बांधता येतो. दोन खांबांच्या मधल्या जागेत चार माणसे आणि एक व्हीलचेअर थांबू शकेल असा ओटा करता येतो. दिवसाउजेडीही पुलाची सावली पडणाऱ्या ठिकाणी दिवे लावता येतात. पुलाच्या खर्चापुढे या कामांचा खर्च अगदी किरकोळ आहे. पुलाला सुमारे २३० कोटी रुपये लागले, म्हणजे किलोमीटरला पासष्ट कोटींच्या वर. एवढा पैसा घातल्यावर खालच्या साडेतीन किलोमीटरला पदपथ, ओलांडण्याच्या जागा, रिक्षांचे थांबे आणि बसथांबे यांची आखणी त्याच कामात, त्याच निविदेत व्हायला हवी होती. ती मागाहून तुकड्यातुकड्याने होते तेव्हा पदपथ एका इमारतीसमोर असतो आणि पुढच्या इमारतीसमोर संपतो.

रिक्षांच्या थांब्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत वाहनांची गर्दी मोजताना मोटारीला एक धरले की दुचाकी अर्धी धरतात, आणि दुचाकींचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की पाऊण; रिक्षा १.२ धरतात, आणि तिचेही प्रमाण तसेच वाढले की २. म्हणजे रिक्षांची गर्दी असलेल्या रस्त्यावर एक रिक्षा दोन मोटारींची जागा अडवते, कारण ती वारंवार थांबते आणि तिच्यामागच्या प्रत्येकाला बाजू बदलावी लागते. यात रिक्षावाल्या भावांचा दोष नाही. त्यांना उभे राहायला जागाच दिलेली नाही. पुलाखाली खांबांच्या रांगेत जी जागा मोकळी आहे ती मोटारींच्या पार्किंगला देण्याआधी चौकाच्या अलीकडे रिक्षांसाठी खाचा काढून दिल्या तर खालचा रस्ता निश्चितच सुधारेल.

पूल जिथे उतरतो त्या दोन टोकांविषयीही सांगायला हवे. मधले सगळे चौक टाळून आलेली वाहने मनीषा चोकडीला एकदम जमिनीवर येतात आणि तिथे खालून आलेल्या वाहनांत मिसळतात. संध्याकाळी पुलाच्या उतारावर ब्रेकचे लाल दिवे लागलेले दिसले की समजावे, वाचलेल्या मिनिटांतली दोन-तीन इथे परत द्यावी लागणार. नवरात्रीच्या रात्री कलालीकडे गरब्याला निघालेली मंडळी याच उतारावर येतात, आणि त्या नऊ दिवसांत मी पुलाच्या वाटेलाच जात नाही; वासणा रोडने वळसा घेते. उतारावर डावीकडे वळणाऱ्यांनी आधीपासूनच डावीकडे राहावे, अशी पाटी आणि रस्त्यावरचे रंगवलेले बाण दोनशे मीटर आधीपासून असले तर शेवटच्या क्षणी आडवे घुसणारे कमी होतील.

आणखी एक काळजी आहे आणि ती या एका पुलापुरती नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ साली शहरांतल्या जलद रस्त्यांचा अभ्यास करून दाखवून दिले होते की गर्दीच्या वेळी नवा रस्ता मोकळा मिळाला की दुसऱ्या वाटेने जाणारे, दुसऱ्या वेळी निघणारे आणि बसने जाणारे असे सगळेच त्याच्याकडे वळतात, आणि गर्दी पुन्हा पहिल्या पातळीकडे सरकते. माझ्या डोळ्यांसमोर हे घडताना दिसते आहे. पहिल्या हिवाळ्यात सकाळी नऊ वाजताही पुलावर पुढची गाडी लांब असे. आता तिची नंबर प्लेट वाचता येते. आमच्याच सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी पूल झाल्यावर दुसरी मोटार घेतली, आणि पूर्वी ती माणसे एकाच गाडीतून जात होती. पुलावरून वेळेवर धावणारी आणि दोन्ही टोकांना थांबणारी शहर बससेवा मिळाली, तर या पुलाचे आयुष्य, म्हणजे उपयोगाचे आयुष्य, कितीतरी वाढेल.

बांधकामाच्या आयुष्याचा विचार तर आता आपल्या भागात कोणालाही टाळता येणार नाही. ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यातला महीसागरावरचा गंभीरा पूल वाहनांसह कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. तो १९८५ साली बांधलेला, म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांचा होता. त्यानंतर कित्येक दिवस मी अटल ब्रिजवर चढताना प्रत्येक सांध्यावरचा धक्का मोजत असे. नव्या पुलाबद्दल ही भीती अवाजवी आहे, हे मला कळते. पण पूल काँक्रीटचा असला तरी त्याचे सांधे आणि त्याखालची बेअरिंग, म्हणजे पुलाचा वरचा भाग खांबांवर ज्यांच्यावर टेकतो त्या गाद्या, ही झिजणारी अंगे आहेत. पावसाचे पाणी सांध्यांतून झिरपू लागले की आतल्या लोखंडाला गंज धरतो, आणि बाहेरून काही दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. म्हणून तपासणी कधी झाली, काय आढळले आणि काय दुरुस्त केले, हे गुजराती, हिंदी आणि मराठीत लिहिलेली एक पाटी पुलाच्या दोन्ही टोकांना लावावी, एवढी माझी मागणी आहे. दवाखान्यात लिफ्टजवळ तपासणीचे पत्रक लावलेले असते, मग रोज ज्यावरून हजारो माणसे जातात त्या पुलाला ते का नसावे?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला तेव्हा भावाच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पाणी आले होते. पाणी चढायला लागल्यावर शेजारच्या काकांनी आपली गाडी पुलावर नेऊन ठेवली आणि ते भिजत चालत परत आले. त्या रात्री हा पूल वाहतुकीच्या सोयीपलीकडे काहीतरी होता, ही गोष्टही या परीक्षणात नोंदवली पाहिजे.

पाचांपैकी गुण द्यायचे तर वरच्या रस्त्याला मी साडेचार देईन आणि खालच्या रस्त्याला दोन. सकाळी पावणेनऊच्या आधी किंवा दहानंतर पूल सर्वांत सुखाचा असतो. दुचाकी चालवणाऱ्यांना, विशेषतः महाराष्ट्रातून नव्याने इथे राहायला आलेल्यांना, एक कळकळीची विनंती आहे: उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यापासून पुलावर जाऊ नका. १४ जानेवारीला पुलाची उंची आणि कापल्या पतंगाच्या मांज्याची उंची एकच असते, आणि चाळीसच्या वेगात गळ्यासमोर आलेला दोरा दिसत नाही. जावेच लागले तर हँडलला लावायची लोखंडी तारेची कमान बाजारात मिळते, ती बसवून घ्या, गळ्याभोवती जाड ओढणी किंवा मफलर गुंडाळा, लहान मुलाला पुढे उभे करू नका, आणि खालच्या रस्त्याने दहा मिनिटे जास्त लागली तरी त्या दिवसांत खालूनच जा.