बॅरल लांबणारी की स्थिर राहणारी? कॅननच्या आजच्या आणि उद्याच्या झूम लेन्सविषयी

कॅननच्या आरएफ माउंटसाठी (म्हणजे त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लेन्स बसवण्याच्या जोडणीसाठी) ७०-२०० एफ/२.८ (७० ते २०० मिमी झूमची, छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडणारी लेन्स) घ्यायचे ज्यांचे नक्की झाले आहे, त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत: झूम करताना बॅरल, म्हणजे लेन्सची नळी, बाहेर येणारी २०१९ ची लेन्स आणि लांबी कायम राखणारी, नावाअखेरीस 'झेड' असलेली २०२४ ची लेन्स. चित्राच्या दर्जात मला स्वतःला निर्णय फिरवण्याइतका फरक दिसला नाही.

पहिलीचा मोठा गुण तिचा आटोपशीरपणा. मिटलेली ती १४६ मिमी भरते, तर झेड कायम १९९ मिमी; वजन मात्र जवळपास सारखेच आहे. बेळगावहून एसटीने निपाणी किंवा खानापूरला कामासाठी जाणाऱ्याला पिशवीतली ही जागा मोलाची वाटेल, हे मला मान्य आहे.

तरीही मी झेड घेतली, आणि त्याचे कारण भंडारा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत हळदीची ती बारीक पूड हवेतच तरंगत असते. बॅरल लांबणारी जुनी झूम मी तिथे वापरत असे, तेव्हा २०० वर नेलेल्या बॅरलवर भंडारा बसायचा आणि ती तशीच मागे घेतली तर आत ओढला जाईल या धास्तीने प्रत्येक वेळी आधी ब्रश फिरवावा लागायचा. पालखी अंगावर येत असताना, म्हणजे नेमके ७० वर यायचे तेव्हा, हात ब्रशकडे जाणे मला असह्य झाले. लांबणाऱ्या लेन्सनाही धूळरोधक सील असतात आणि इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. पण ज्यांचे काम जत्रांचे आहे, त्यांनी या गोष्टीला सर्वाधिक वजन द्यावे, असे मला मनापासून वाटते. शिवाय झेडला एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारे, पल्ला वाढवणारे जोडभिंग) लावता येतो, पहिलीला लावता येत नाही.

पुढे काय येईल, हा यापुढचा प्रश्न. २०२३ ची २४-१०५ एफ/२.८ आणि त्यानंतरची ही ७०-२०० पाहता कॅननचा कल स्थिर बॅरलकडे दिसतो. निकॉनने २०२५ मध्ये २४-७० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती स्थिर लांबीची करून वजन ६७५ ग्रॅमवर आणले. कॅननची २४-७० अजून २०१९ चीच, लांबणारी आणि ९०० ग्रॅमची आहे. तिची जागा घेणारी स्थिर लेन्स येईल, असा माझा अंदाज आहे. तो निव्वळ अंदाजच समजावा. लग्नसराईचे काम अडत नसेल, तर २४-७० साठी थोडे थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

कॅननच्या लांबणाऱ्या १००-५०० बाबत मात्र मी कोणाला थांबवणार नाही. तिला एक्स्टेंडर लावल्यावर झूम ३०० च्या मागे येत नाही, ही अडचण आहेच. पण निकॉनची स्थिर लांबीची १८०-६०० तब्बल ३१५ मिमी लांब आहे, आणि भीमगडच्या रानवाटांवर दिवसभर हातात वागवायला मिटून २०८ मिमी होणारी १००-५०० च बरी.