९.२ की १० मिमी? प्रस्तरारोहणाचा दोर निवडताना

दोन्ही सिंगल डायनॅमिक दोर, म्हणजे एकेरी वापरायचे आणि पडल्यावर ताणून झटका शोषणारे. टोकावरच्या पट्टीवर वर्तुळातला १ असतो, तो आधी पाहा. प्रमाणित चाचणीत दोघांनाही ८० किलो वजनाची किमान ५ पतनं झेलावी लागतात. म्हणजे ९.२ मिमीचा दोर ‘कच्चा’ नसतो; तो लवकर झिजतो, एवढंच.

वजनाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. ७० मीटरमागे साधारण अर्धा किलो. पण लांब चढाईत वरच्या टप्प्यावर क्लिप करायला, म्हणजे आधाराच्या कडीत अडकवायला, दोर ओढताना तोच अर्धा किलो हाताला जाणवतो, शिवाय बारीक दोर कॅराबिनरमधून (झडपेच्या धातूच्या कडीतून) सहज सरकतो. तिथे ९.२ घ्यावा.

टॉप रोपचा (वरच्या आधारातून आलेल्या दोरावरचा) सराव, पुन्हा पुन्हा पडून चढाईतली एकच हालचाल बसवणं, खरबरीत खडक: इथे १० मिमीच. कडेवर घासून आधी बाहेरचं आवरण फाटतं, आणि जाड दोरात ते सहसा जास्त भरीव असतं. धारदार कडेवर मात्र जाडीच्या भरवशावर राहू नका. दोर कडेपासून दूर ठेवा.

खरी गफलत होते ती बिले उपकरणात, म्हणजे जोडीदार ज्यातून दोर सोडतो आणि पतन थांबवतो त्या साधनात. बारीक दोरावर घर्षण कमी, त्यामुळे पतन थांबवायला हाताची पकड जास्त लागते. उपकरणावर कोरलेली जाडीची मर्यादा वाचा. नवा दोर गुळगुळीत असतो, तेव्हा आणखी जपून. जुना, फुगलेला १० मिमी उलट अडकतो आणि लीड करणाऱ्याला (पुढे चढणाऱ्याला) वेळेवर सैल दोर मिळत नाही.

नवशिक्याच्या हाती बिले असेल तर ९.२ नकोच.