कृषी प्रदर्शनातला माती परीक्षणाचा स्टॉल: पिशवी घेणाऱ्यावर सगळं अवलंबून

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मोफत माती परीक्षणाचा स्टॉल असेल, तर नमुना घेऊन जरूर जा. कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत-कृषिकन्या, म्हणजे गावात कामाला आलेले विद्यार्थी, आणि गावातली पोरं मिळून तो चालवतात आणि मन लावून राबतात. पाचपैकी साडेतीन गुण. राहिलेले दीड कुठे जातात, ते स्वयंसेवक म्हणून उभं राहणाऱ्यांनी नीट वाचावं.

पिशवी हातात घेताच तीन प्रश्न विचारायचे: माती कुठून काढली, किती खोल, शेवटचं खत कधी टाकलं? बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची किंवा खत टाकून दोन-तीन महिनेही न झालेल्या रानातली माती असेल तर गोडीने परत द्यायची आणि पद्धत सांगायची. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी २० ते २२ सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यावा. त्याच्या एका कडेची दोन बोटं जाड माती वरपासून खालपर्यंत खरवडून प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करावी. मग ती गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवायची. उभं पीक असेल तर दोन ओळींच्या मधली माती घ्यावी. फळबागेला मात्र ३० सेंटिमीटरच्या प्रत्येक थराचा वेगळा नमुना लागतो.

भांड्याचीही चौकशी करावी. जस्ताच्या बादलीतली माती जस्ताचा आकडा फुगवते, आणि खताच्या रिकाम्या गोणीतून आणलेला नमुना तर तपासायच्याही लायकीचा नसतो.

सगळ्यात जास्त घोळ चिठ्ठीत होतो. शाईने लिहिलेली चिठ्ठी दमट मातीत तासाभरात पसरते, मग गट नंबरातला १ आणि ९ ओळखू येत नाही आणि एकाचा अहवाल दुसऱ्याच्या घरी जातो. शिसपेन्सिलीनेच लिहावं. एक चिठ्ठी पिशवीत, एक बाहेर बांधलेली. नाव, गाव, गट नंबर, मोबाइल, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की जिरायत.

जागेवर सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) काढून देणं ही या स्टॉलची खरी मजा, आणि घाई सगळ्यात जास्त तिथेच होते. २० ग्रॅम चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, एवढं झाल्यावरच मीटर बुडवावा. गर्दी वाढली की पाच मिनिटांत आकडा सांगतात, डिस्टिल्ड पाणी संपलं की जारचं ओततात. हे चालवून घेऊ नका. मीटर सकाळी आणि दुपारी ७ व ९.२ च्या बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणांवर) जुळवून घ्यावा, इलेक्ट्रोड कोरडा पडू देऊ नये.

शिवाय सामूवरून खताचे सल्ले वाटू नयेत. चुनखडीच्या काळ्या रानात ८ च्या वर सामू नेहमीचाच. जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे, नुसत्या चुनखडीच्या रानात ते वाया जातं. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, तो पूर्ण अहवाल प्रयोगशाळेतूनच येतो. म्हणून नमुना क्रमांक घातलेली पोच हातात पडल्याशिवाय स्टॉलवरून हलू नका.