मराठी ब्लॉगसाठी वर्डप्रेसची कुठली प्लगइन घ्यावीत

माझा ब्लॉग ठाण्याच्या तलावांवर आणि येऊरच्या पक्ष्यांवर आहे, फोटो भरपूर, मजकूर मराठी, स्वतःचं होस्टिंग घेऊन वर्डप्रेसवर चालवते. प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, ज्या याद्या सगळीकडे फिरत असतात त्या इंग्रजीत लिहिणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात, आपल्या लिपीला त्यातलं काय चालतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू. आणि हो, वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर असाल तर प्लगइन टाकताच येत नाहीत, हे आधीच सांगते.

सगळ्यात पहिलं टाका अपड्राफ्टप्लस. बॅकअप हा विषय कंटाळवाणा वाटतो पण वर्षानुवर्षांचं लिखाण एका सर्व्हरवर पडलेलं असतं हो, आणि होस्टिंगवाल्यांचा बॅकअप त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेला की दोन्ही गेलं. फुकट आवृत्तीत गूगल ड्राइव्ह जोडता येतं. डेटाबेसचा बॅकअप रोज आणि फोटोंचा आठवड्यातून एकदा असं लावा, कारण लिखाण सगळं डेटाबेसमध्येच असतं आणि तो लहान असतो. जुन्या किती प्रती ठेवायच्या ते मात्र कमी ठेवा, ड्राइव्हचे फुकटचे 15 जीबी जीमेल आणि गूगल फोटो मिळून असतात, ते पटकन भरतात.

आता फोटो. माझे बरेच वाचक ट्रेनमध्ये वाचतात, मध्येच कुठेतरी नेटवर्क जातं, तोवर पान उघडलं तर उघडलं नाहीतर माणूस बंद करून मोकळा होतो. फोनमधला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस 2019 पासून मोठा फोटो स्वतःच 2560 पिक्सेलवर आणतं, पण तरी दाबून छोटा करायला काहीतरी लागतंच. शॉर्टपिक्सेलचं काम एकदम सुंदर आहे, पक्ष्याच्या पिसांमधला बारकावा जात नाही, फक्त फुकटात महिन्याला 100 क्रेडिट मिळतात आणि इथे नीट लक्ष द्या, एका फोटोच्या वर्डप्रेस ज्या पाच-सहा लहानमोठ्या प्रती बनवतं त्या प्रत्येकीला वेगळं क्रेडिट लागतं, म्हणजे महिन्याला पंधरा-वीसच फोटो. माझ्यासारखे फोटो टाकत असाल तर ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझर घ्या, त्याच्या फुकट मोडमध्ये अशी मोजदाद नाही.

आता खास मराठीची भानगड. पोस्टची लिंक वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं, आणि लिंकमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर नऊ चिन्हांचं होतं, काना मात्रा अनुस्वार सगळे वेगळे मोजून, आणि एकूण मर्यादा 200 ची. म्हणजे 'येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसलेले पक्षी' याची लिंक 'येऊरच्या-जंगलात-पावसाळ्य' इथेच तुटते. वर ती व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. ऐरोलीच्या मावशीने तर मला फोन करून विचारलं, "अगं, ही व्हायरसची लिंक आहे का? उघडू की नको?" याला प्लगइन नकोच, पब्लिश करण्याआधी स्लगच्या, म्हणजे लिंकच्या शेवटच्या भागाच्या, रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने टाईप करायचे, झालं.

एसईओसाठी, म्हणजे गूगलच्या शोधात ब्लॉग नीट दिसावा म्हणून, योस्ट ठेवावं असं माझं मत, पण त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांकडे मराठीत लक्ष देऊ नका. तुम्ही कीवर्ड, म्हणजे लोक शोधतील तो शब्द, दिला 'उपवन तलाव' आणि लिहिलंत 'उपवन तलावाच्या काठावर', 'उपवन तलावाला वळसा घालून', तर इंग्रजीत शब्दाची रूपं त्याची पैशांची आवृत्ती ओळखते पण मराठीचं सामान्यरूप त्याला कळत नाही, मग कीवर्ड कमी पडतोय म्हणून लाल दिवा. त्या दिव्यासाठी कोणी 'उपवन तलाव येथे' 'उपवन तलाव मध्ये' असं लिहायला लागलं ना की मला खरंच वाईट वाटतं, चांगली भाषा अशाने बिघडते. योस्ट ठेवायचं ते गूगलमध्ये दिसणारं वर्णन स्वतः लिहायला, आणि शेअर केल्यावर कुठला फोटो दिसावा ते ठरवायला. निव्वळ साइटमॅपसाठी, म्हणजे गूगलला द्यायच्या पानांच्या यादीसाठी, घेत असाल तर गरज नाही, तो 2020 पासून वर्डप्रेसमध्येच येतो.

कॅशचं, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून ते लवकर उघडून देणारं, एकच प्लगइन, दोन कधीच नाही. होस्टिंगचा सर्व्हर लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅश, नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश. कमेंटमधल्या स्पॅमला अकिस्मेट पुरतं, जाहिराती नसलेल्या खाजगी ब्लॉगला फुकट आहे.

फॉन्टचं प्लगइन काढून टाकलं तरी चालेल. वर्डप्रेस 6.5 पासून फॉन्ट लायब्ररी आतच आहे, ब्लॉक थीम असेल तर तिथून 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट घ्या, मुंबईच्याच मंडळींनी केलेला आहे आणि छोट्या स्क्रीनवर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करायला मात्र विसरू नका.

नवीन काहीही टाकताना त्याच्या पानावर बघा, वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर वर तशी सूचना येते. ती दिसली की मी ते घेत नाही, स्टार कितीही असोत.