पुठ्ठा पक्का, आत नुसता गोंद : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

700 पृष्ठांचा कोश. मजकूर एकच, बांधण्या दोन. पुठ्ठ्याच्या प्रतीला शे-दीडशे रुपये जास्त मोजले आणि पावसाळा संपता संपता तीच आधी सुटली. मऊ कव्हरची प्रत मळली, कोपरे दुमडले, पण पान एकही हललं नाही. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : ‘हाताळणीमुळे झालंय, बदलून मिळणार नाही.’

हाताळणीचा काय संबंध? आत दोराच नाही. दोन्ही प्रतींत फर्म्यांच्या (घडी घातलेल्या छापील तावांच्या) घड्या 2-3 मिमी कापून, कडा खरवडून वर हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, ओतलाय. एकीला जाड कागदाचं कव्हर, दुसरीला अस्तर (पुठ्ठा आणि पानं जोडणारा दुमडलेला कागद) आणि पुठ्ठा. जादा पैसे पुठ्ठ्याचे, बांधणीचे नव्हेत.

खरी गोम सांध्यात आहे. पुठ्ठा पानांपेक्षा वर-खाली 3 मिमी मोठा असतो. पुस्तक कपाटात उभं ठेवलं की पुठ्ठा टेकतो, पानं अधांतरी. सगळा गठ्ठा अस्तराच्या घडीवर लोंबकळतो. नीट बांधलेल्या पुस्तकात पाठीवर जाळीचं कापड असतं. ते दोन्हीकडे अडीच-तीन सेंमी बाहेर काढून पुठ्ठ्याला चिकटवतात, वजन ते घेतं. इथे जाळी नाहीच. अस्तर पहिल्या पानाला जेमतेम 4 मिमी चिकटवलेलं, तिथेच फाटलं. मऊ कव्हर पानांच्या बरोबरीने कापतात, त्यामुळे पानं थेट फळीवर टेकतात. ती प्रत त्यामुळे टिकली, गोंद भारी म्हणून नव्हे.

दुरुस्ती. घड्या कापल्या गेल्यावर मधून शिवता येत नाही, म्हणून बाइंडर बहुधा कडेने भोकं पाडून शिवतात. शिलाई मजबूत, पण आतला समास 6-7 मिमी खाते आणि हात सोडला की पुस्तक मिटतं. कोशाला हे चालत नाही. त्यापेक्षा हॉटमेल्ट हेअर ड्रायरने मऊ करून काढा. गठ्ठा दोन फळ्यांत धरा, पानं एका बाजूला वाकवून पाठीला फेव्हिकॉल लावा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. प्रत्येक पानाच्या कडेवर गोंद चढतो. दर 2 सेंमीवर मिलिमीटरभर खाच, त्यात सुती दोरा, वर जाळी, रात्रभर दाबाखाली. पुठ्ठ्याची पाठ मात्र गठ्ठ्याच्या पाठीला चिकटवू नका, उघडताना गोंदाला तडा जातो. अस्तराला खळ वापरणार असाल तर कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी, भांडं पुन्हा स्वयंपाकात नको.

एवढं केल्यावर पुठ्ठ्याबद्दलचा राग निवळला. प्रत टेबलावर सपाट उघडते. उलट थंडी पडल्यावर मऊ प्रतीच्या पाठीवर बरोबर मधे रेघ उमटली, कारण हॉटमेल्ट थंडीत ठिसूळ होतो. आज ना उद्या तिचेही दोन तुकडे होणार.

विकत घेताना पाठीच्या टोकाची रंगीत पट्टी बघून भुलू नका. ती मीटरवर मिळते, शिलाईशी तिचा संबंध नाही. 16 पृष्ठांचे फर्मे धरले तर 8-9, 24-25 अशा जोडपानांच्या मधोमध दोरा दिसायला हवा. प्लॅस्टिक फोडून दाखवत नसतील तर मऊ कव्हरचीच घ्या. पुठ्ठा नंतरही लावता येतो.