चुकून दुसरा गिअर पडला: होंडा एस२००० चं इंजिन दुरुस्त करावं की दुसरं बसवावं?

तिसऱ्यात गाडी ९००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पोचली, चौथा टाकायला लिव्हर खाली ओढला, हात जरासा डावीकडे गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडताच मागची चाकं चिरकली, इंजिन किंचाळलं. क्लच लगेच परत दाबला गेला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. न्यू जर्सीतल्या माझ्या मित्राने गाडी तशीच घरी आणली आणि मला फोन केला, "अरे, आवाज नाही, लाइट नाही. वाचलो ना?"

त्याची गाडी २००१ ची होंडा एस२०००, म्हणजे या मॉडेलची पहिली आवृत्ती, एपी१. १९९७ सीसीचं एफ२०सी इंजिन, रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या सुरक्षित वेगाची हद्द, ९०००. या गाडीत दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०४५ आणि तिसऱ्याचं १.४८१. ९००० ला २.०४५ ने गुणा आणि १.४८१ ने भागा, इंजिन सुमारे १२,४०० पर्यंत ओढलं गेलं असं निघतं. पिस्टन आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो रेडलाइनच्या जवळजवळ १.९ पट झाला. इंजिनाचा वेग हद्दीत ठेवणारा लिमिटर इथे कामाचा नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो आणि इथे इंजिन फिरवत होती ती चाकं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: गाडी नीट चालतेय यावर जाऊ नका. ती बंद ठेवा आणि आधी तपासा. दुरुस्ती की दुसरं इंजिन, याचं उत्तर तपासणीतूनच येतं. गॅरेजवाल्याच्या अंदाजावर ते ठरवू नका.

एवढ्या वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या मागे धावू शकत नाहीत. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. एपी१ मध्ये त्याआधीच एक कच्चा दुवा आहे, तो म्हणजे रिटेनर. स्प्रिंगच्या डोक्यावरची ही बशी दोन कॉलेटांच्या (पाचरीसारख्या छोट्या अर्धगोल तुकड्यांच्या) जोरावर व्हॉल्व्ह धरून ठेवते. हिला चीर गेली की कॉलेट हळूहळू तिच्यातून खाली सरकतात आणि एक दिवस व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडतो. तो दिवस आजचा असेल किंवा सहा महिन्यांनंतरचा.

तपासणीत मी कॉम्प्रेशन टेस्टपेक्षा (सिलिंडरमधला दाब मोजण्यापेक्षा) लीक-डाउनवर, म्हणजे हवा कुठून गळते ते पाहण्यावर, जास्त विसंबतो. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. मग बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह आदळल्याची चंद्रकोरीसारखी खूण आहे का पाहायचं. इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, मोजायचे: इनटेक ०.२१ ते ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९. एखादाच टॅपेट बाकीच्यांपेक्षा बराच ढिला निघाला तर तिथला व्हॉल्व्ह वाकून नीट बसत नसण्याचा संशय घ्या. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. चकाकणारी कणी दिसली तर बेअरिंगवर संकट आहे.

मित्राच्या गाडीत लीक-डाउन चारही सिलिंडरना उत्तम आलं. पिस्टनवर खूण नव्हती. तो गाडी चालू करायला निघाला होता, मी थांबवलं. रॉकर बाजूला करून एकेक रिटेनर काढला. सोळांपैकी पंधरा स्वच्छ निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट रिटेनर पुसून टॉर्चखाली तिरका धरला, तेव्हा आतल्या कडेपासून केसासारखी काळी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकत होतं.

आता निवड. लीक-डाउन चांगलं आणि दोष फक्त रिटेनरात असेल तर हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवायची गरजच नाही. सोळाही रिटेनर, त्यांचे कॉलेट बदला. २००४ नंतरच्या एपी२ गाडीचे रिटेनर आणि त्यांचेच कॉलेट घ्या, ते जाड आणि दणकट आहेत. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये भरायची आणि पिस्टन हाताने वर आणायचा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. ऑइलची भोकं चिंध्यांनी बुजवून ठेवा, कॉलेट आत गेला तर तो शोधण्यात दिवस जातो. या कामाची आणि दुसऱ्या इंजिनाची खर्चात तुलनाच होत नाही.

व्हॉल्व्ह वाकला असेल तर हेड उतरवावंच लागतं. व्हॉल्व्ह, गाइड, सीट, हेड गॅस्केट, मशीन शॉपमध्ये हेडची सपाटी, हे सगळं आलं. पिस्टनवर हलकी खूण असेल आणि त्याला तडा नसेल, तर मी तरीही स्वतःचंच इंजिन ठेवीन. त्याचा इतिहास आपल्याला माहीत असतो. मात्र हेड खाली आहे तोवर पॅन (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढून रॉडची बेअरिंग आणि बोल्ट पाहून घ्या. बोल्ट ताणले गेले असतील तर वरचं सगळं काम वाया.

खरा पेच पडतो तो रॉडचा ठोका ऐकू येतो तेव्हा, किंवा व्हॉल्व्ह पडून सिलिंडरची भिंत ओरखडली गेली असेल तेव्हा. एफ२०सी च्या भिंती तंतू मिसळलेल्या धातूच्या आहेत. लोखंडी ब्लॉकसारखं बोअर वाढवून मोठा पिस्टन घालणं इथे सोपं नाही, चांगल्या मशीन शॉपमधून स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नवी नळी) बसवून घ्यावी लागते. वेळ जातो, पैसे जातात आणि हे काम जाणणारा माणूस शोधावा लागतो. इथे वापरलेलं इंजिन मला जास्त शहाणपणाचं वाटतं. गाडी तिच्या मूळ इंजिनासकट आयुष्यभर ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, मग स्लीव्हवर खर्च करा.

पण वापरलेल्या इंजिनात सर्वांत मोठा धोका हा, की तेही कोणीतरी असंच ओढलेलं असू शकतं. पोर्शच्या ९११ मध्ये संगणक ओव्हर-रेव्हची नोंद ठेवतो, ती वाचून किंमत करता येते. एस२००० मध्ये तशी नोंद मिळत नाही. गाडीचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं, त्यामुळे कमी वापरलेली इंजिनं दुर्मिळ आणि महाग. विकणाऱ्याकडे किलोमीटरचा आकडा असेल, पण तो आकडा रिटेनरबद्दल काही सांगत नाही. पैसे देण्याआधी लीक-डाउन करू द्या म्हणा, व्हॉल्व्ह कव्हर उघडू द्या म्हणा. नाही म्हटलं तर ते इंजिन घेऊ नका, दुसरं शोधा. आणि घेतलंत तर गाडीत बसवण्याआधी, ते स्टँडवर असतानाच त्याचे सोळा रिटेनर बदलून टाका. तिथे ते काम एका दुपारचं आहे.